मज्जातंतूच्या वाटेवरचा कर्करोग

डोक्या-मानेच्या कर्करोगाचं नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तंबाखू खायचे का?" तोंडाच्या कर्करोगात तो रास्तही आहे. पण लाळग्रंथींत होणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगाचा तंबाखूशी संबंध आढळलेला नाही. जन्मात कधी सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या बाईला तो होतो, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या एकाच प्रश्नाचं उत्तर देत बसावं लागतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

या रोगाचं नाव अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. डोक्या-मानेच्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का. टाळूवर किंवा कानापुढच्या लाळग्रंथीत छोटी गाठ येते, सावकाश वाढते, बऱ्याचदा दुखतही नाही. पण या पेशींना मज्जातंतूंची विलक्षण ओढ असते. तंतूभोवतीच्या आवरणाला धरून त्या सरकत राहतात आणि कवटीच्या तळाला जी छिद्रं असतात, त्यांतून थेट आतपर्यंत पोचू शकतात. गाल बधिर होणं, ओठाला मुंग्या येणं ही कधीकधी याच प्रवासाची खूण असते.

सर्जन गाठ काढतात, पण तंतूला चिकटून पुढे गेलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यासाठी रेडिएशन. इथे डॉक्टर गाठीच्या जागेपुरता विचार करून थांबत नाहीत. सीटी आणि एमआरआयच्या एकेका चित्रावर त्या मज्जातंतूची अख्खी वाट, गाठीपासून कवटीच्या छिद्रापर्यंत, हाताने रेखून घेतात. गाठीच्या जागेला साधारण ६० ते ६६ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) डोस लागतो. त्याच परिसरात डोळ्यांचा मज्जातंतू असतो आणि त्याला ५४-५५ ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं. मधलं अंतर कधी काही मिलिमीटरच असतं.

म्हणून मास्क. जाळीदार प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्यात बुडवतात. तो मऊ झाला की पाणी निथळून, झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवतात आणि कपाळ, नाक, हनुवटीवर बोटांनी दाबून बसवतात. चेहऱ्यावर गरम ओला टॉवेल टाकल्यासारखं वाटतं. काही मिनिटांत तो थंड होऊन कडक होतो आणि खालच्या पाटाला खटक्यांनी अडकवला की डोकं हलायची सोय राहत नाही. जाळीतून श्वास नीट घेता येतो, तरी पहिल्या दिवशी छाती धडधडतेच. भीती वाटत असेल तर तंत्रज्ञांना आधी सांगावं. ते घाई करत नाहीत. पुढचे सहा-साडेसहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, हाच मास्क.

कित्येक घरांत रेडिएशनला 'शेक' म्हणतात. शब्द आपुलकीचा आहे, पण फसवा. ६६ ग्रे म्हणजे दर किलोमागे ६६ ज्यूल ऊर्जा. सगळी एकदम दिली तरी पाण्याचं तापमान ०.०१६ अंश सेल्सिअसनंच वाढेल. चहाच्या एका घोटातही याहून जास्त ऊब असते. पेशी मरते ती डीएनएचे धागे तुटल्यामुळे. तुटलेले धागे सांधायला निरोगी पेशींना उसंत मिळावी, म्हणूनच डोस रोज थोडा थोडा देतात.

अडचण अशी की हा संथ कर्करोगही आपले धागे बऱ्यापैकी सांधून घेतो. १९८० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी त्यावर न्यूट्रॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, वापरून पाहिले. न्यूट्रॉनचा घाव खोल असतो, तो सांधणं पेशीला जड जातं. शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या किंवा उलटलेल्या लाळग्रंथींच्या कर्करोगाचे ३२ रुग्ण त्या चाचणीत आले, हिशेबात धरता आले फक्त २५. दहा वर्षांनंतर न्यूट्रॉन घेतलेल्यांपैकी ५६ टक्के रुग्णांत त्या जागेचा रोग आटोक्यात होता, नेहमीच्या किरणांवर १७ टक्क्यांत. पण आयुष्य काही वाढलं नाही, कारण तोवर रोग फुफ्फुसांत किंवा इतरत्र उमटलेला होता. शिवाय निरोगी भागालाही त्याच खोल घावांची किंमत मोजावी लागली. दुर्मीळ रोगाचं हे दुखणं नीट समजून घ्यायला हवं: दोन देश मिळून २५ माणसं, आणि त्यांच्यावरून पुढच्या पिढीचे उपचार ठरवायचे.

दुसरी वाट एका भौतिकशास्त्रज्ञानं दाखवून ठेवलेलीच होती. अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेल्या रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये प्रोटॉननी उपचार करण्याची कल्पना मांडली. एक्स-रे शरीरात शिरतात आणि कमी कमी होत पलीकडून बाहेर पडतात. प्रोटॉन मात्र ठरलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो. १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात साधारण पावणेआठ सेंटिमीटर जातो, की संपला. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या ऐन दाराशी, थांबणारा किरण म्हणजे मोठीच गोष्ट. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून कार्बनचे आयन (विद्युतभार असलेले अणू) वापरतात. ते प्रोटॉनसारखे थांबतात आणि त्यांचा घाव खोलही असतो. भारतात पहिलं प्रोटॉन केंद्र २०१९ मध्ये चेन्नईत सुरू झालं. २०२३ पासून टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रातही प्रोटॉन उपचार होऊ लागले.

पण प्रोटॉन हळवे असतात. नाकाशेजारच्या पोकळ्या सर्दीनं भरल्या तर वाटेत हवेऐवजी शेंबूड लागतो आणि प्रोटॉन अलीकडेच थांबतो. पोकळी रिकामी झाली तर पुढे धावतो. साध्या पडशानं आराखडा चुकू शकतो, म्हणून उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा स्कॅन काढतात. आणि प्रत्येकाला प्रोटॉन लागतोच असंही नाही. गाठ डोळ्या-मेंदूपासून लांब असेल तर चांगल्या यंत्रावरचं एक्स-रेंचं नेमकं रेडिएशन पुरतं. प्रोटॉनसाठी घर गहाण टाकण्याआधी असे रुग्ण नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांचं दुसरं मत जरूर घ्यावं.

रेडिएशन सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणंही तितकंच गरजेचं. किडके दात आधीच काढून घेतात, कारण नंतर त्या जबड्याची जखम भरता भरत नाही. लाळ आटते, घास उतरत नाही, भाकरी आमटीत कुस्करून खावी लागते, त्याची तयारी घरच्यांनीही ठेवावी.

आणि पाच वर्षं निभावली म्हणून फाइल माळ्यावर टाकू नये. हा रोग दहाव्या, कधी पंधराव्या वर्षीही फुफ्फुसांत डोकं वर काढतो. तेव्हाही छातीचा स्कॅन आणि जुनी फाइल, दोन्ही लागतात.