हिरवळीची हिवाळापूर्व निगा

हिरवळ थंडीत तग धरून पुढच्या वसंतात पुन्हा दाट फुटावी, यासाठी जमीन गोठण्याआधी, म्हणजे साधारणपणे पानगळीच्या काळात, केली जाणारी मशागत. थंडीत पाती पिवळी पडली म्हणून गवत मेले असे होत नाही. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगतच्या बुंध्यात असतो आणि बुंधा, मुळे व आडवी खोडे यांत साठलेल्या कर्बोदकांवर ते हिवाळा काढते; त्यामुळे या निगेचा रोख पात्यांच्या हिरवेपणापेक्षा या साठ्यावर असतो.

कोणते काम केव्हा करावे हे गवताच्या जातीवर ठरते. ब्ल्यूग्रास, फेस्क्यू, रायग्रास ही शीत हंगामातील गवते साधारण १५ ते २४° से. तापमानात जोमाने वाढत असल्याने त्यांना नत्रयुक्त खत देणे, विरळ जागी बी टाकणे आणि तुडवून घट्ट झालेली जमीन पोकळ दातांच्या अवजाराने ५ ते ८ सेंमी. खोल भोके पाडून मोकळी करणे ही कामे याच दिवसांत उरकतात. याउलट हरळी व झॉयसिया ही उष्ण हंगामातील गवते थंडी पडू लागताच वाढ आवरती घेतात आणि पुढे तपकिरी होऊन सुप्तावस्थेत जातात. त्यांना उशिरा नत्र दिल्यास कोवळी फूट येते आणि पहिल्याच कडाक्यात ती करपते. त्यांची जमीन भोके पाडून मोकळी करायची तर ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच करावी. खताच्या पिशवीवरील एकच वेळापत्रक दोन्हींना लावणे ही नेहमीची चूक होय.

कापणी वाढ थांबेपर्यंत चालू ठेवतात, मात्र एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग छाटत नाहीत. शेवटच्या कापणीनंतर शीत हंगामातील गवताची उंची ५ ते ६ सेंमी. राहिलेली बरी, कारण फार खुडलेल्या गवताचा बुंधा उघडा पडतो, तर उंच गवत बर्फाखाली आडवे होऊन कुजते. गळलेल्या पानांचा ओला थरही असाच घातक असतो. थोडी पाने यंत्राने बारीक करून तिथेच मुरू द्यावीत, जाड थर मात्र उचलावा. गारवा, ओल आणि कोंदटपणा एकत्र आले की हिमबुरशी हा गवताचा बुरशीजन्य रोग पसरतो. त्याचा करडा प्रकार टायफुला या कवकामुळे (बुरशीमुळे) दीर्घकाळ टिकलेल्या बर्फाखाली होतो. मायक्रोडोकियम या कवकामुळे होणाऱ्या गुलाबी प्रकाराला बर्फाची गरजही लागत नाही.

जमीन गोठेपर्यंत कोरडेपणा जाणवल्यास बेताने पाणी देतात. त्यानंतर तुषारसिंचनाच्या नळ्या रिकाम्या करतात, एरवी आत गोठलेल्या पाण्याने त्या फुटतात. दव गोठलेल्या सकाळी हिरवळीवर चालणे टाळतात, कारण पात्यांतील बर्फाचे स्फटिक दाबाखाली पेशी फाडतात आणि पावलांचे काळपट ठसे पुढे बरेच दिवस दिसत राहतात.