‘हॅलोवीन २’ आणि ‘हॅलोवीन ३’: मायकेल नाही, हा मुद्दाच नाही

ऑक्टोबर आला की भयपटांच्या याद्या फिरायला लागतात आणि ‘हॅलोवीन’ मालिकेचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: “तिसरा वगळा, त्यात मायकेल मायर्सच नाही.” (मायकेल म्हणजे पहिल्या दोन भागांतला मुखवटेवाला खुनी.) लगेच कोणीतरी पुस्ती जोडतं की निर्माते मायकेलला विसरले, आणखी कोणी म्हणतं की भलत्याच पटकथेवर ‘हॅलोवीन’चं लेबल चिकटवलं. वर्षानुवर्षं हेच वाचून वैताग आला आहे. यातलं खरं एवढंच की मायकेल नाही. त्यावरून काढलेला ‘वगळा’ हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ‘हॅलोवीन ३: सीझन ऑफ द विच’ हा माझ्या मते मालिकेतला पहिल्यानंतरचा सर्वांत चांगला सिनेमा आहे, आणि तो फसलाय असं वाटणारे बहुतेक जण तो दुसऱ्या भागाच्या मापाने मोजत असतात.

मायकेल तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे ती बाजू झटपट उरकतो. १९७८ साली जॉन कारपेंटर आणि डेब्रा हिल यांनी सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये पहिला ‘हॅलोवीन’ केला. हॅडनफील्ड गाव, मायकेलचा पांढरा मुखवटा, त्याच्या तावडीतून वाचणारी लॉरी, त्याच्या मागावर असलेले त्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस. १९८१ चा दुसरा भाग रिक रोझेनथालचा. त्याच रात्री, जिथे पहिला संपला तिथूनच सुरू होतो, लॉरी हॉस्पिटलमध्ये, मायकेल तिच्या मागावर, ती त्याची बहीण निघते आणि शेवटी स्फोटात मायकेल आणि लूमिस दोघंही आगीच्या स्वाधीन. कारपेंटर आणि हिल यांच्या लेखी गोष्ट तिथे संपली होती. पुढे दर खेपेला हॅलोवीनच्या सणाभोवती फिरणारी वेगळी, स्वतंत्र गोष्ट सांगायची असं त्यांनी ठरवलं. तिसरा भाग ही त्याची सुरुवात होती. म्हणजे मायकेल राहून गेला नाही, विचार करून काढला.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. गाव वेगळं, पात्रं वेगळी, नायक मध्यमवयीन डॉक्टर. पहिल्या भागातला तो ओळखीचा पियानो नाही. त्याऐवजी कारपेंटर आणि ॲलन हॉवर्थ यांचं घुमणारं सिंथेसायझर आहे, आणि मला ते जास्त आवडतं. कॅमेरा तिन्ही सिनेमांत डीन कंडीचाच. दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस हाही उपरा नव्हे. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा विकतचा मुखवटा पांढरा रंगवून मायकेलचा चेहरा तयार करणारा माणूस तोच. कथेच्या जगात दोन्हींचा काही संबंध नाही: तिसऱ्या भागातली माणसं टीव्हीवर १९७८ चा ‘हॅलोवीन’ सिनेमा म्हणूनच पाहतात. तेव्हा ओढूनताणून दोन्ही कथा एकाच कालरेषेवर बसवणाऱ्यांनी कृपया थांबावं. दुसऱ्या भागात शाळेच्या फळ्यावर रक्ताने ‘सॅमहेन’ लिहिलेलं आहे आणि तिसऱ्यातही त्या प्राचीन केल्टिक सणाचा उल्लेख येतो, एवढ्यावरून नातं जुळत नाही. (२००९ मध्ये रॉब झॉम्बीनेही ‘हॅलोवीन २’ केला. तो निराळा, इथे त्याचा विषय नाही.)

आता ज्या फरकावर सगळं अडतं, तो. दोन्ही सिनेमांत भीती वेगवेगळ्या वाटेने येते.

दुसऱ्या भागात मरण बाहेरून चालत येतं. त्याला शरीर आहे, हातात सुरी आहे आणि त्याला दारातून किंवा खिडकीतून आत यावं लागतं. म्हणून त्या सिनेमाचं सगळं कसब कॉरिडॉर, दारं, तुटलेले फोन आणि अंधारे कोपरे यांत आहे. प्रेक्षकाचं काम ठरलेलं: पात्राच्या आधी आपल्याला तो दिसला पाहिजे. मोजमापही ठरलेलं: किती मेले, कसे मेले, शेवटी कोण वाचलं.

तिसऱ्या भागात मरणाला दार फोडावं लागत नाही. ते आईने दुकानातून पैसे देऊन आणलेलं असतं. सुरुवातीचा एक छोटा प्रसंग बघा. डॉक्टर चॅलिस घटस्फोटित, कामात आणि दारूत बुडालेला, मुलांकडे उशिरा पोचणारा बाप. तो मुलांसाठी प्लॅस्टिकचे स्वस्तातले मुखवटे घेऊन येतो. मुलं ढुंकूनही बघत नाहीत, कारण आईने आधीच ‘सिल्व्हर शॅमरॉक’ या कंपनीचे मुखवटे आणलेले असतात: चेटकीण, कवटी, भोपळा, सगळी मुलं मागतात तेच. मुलं ते चढवून टीव्हीसमोर जाऊन बसतात आणि जाहिरात सुरू होते. प्रसंगात कोणी किंचाळत नाही, कोणी मरत नाही. पहिल्यांदा बघताना तो घरगुती कुरबुरीचा प्रसंग वाटतो. कारस्थान कळल्यावर दुसऱ्यांदा बघा: सिनेमातला मुख्य हल्ला इथे, बापाच्या डोळ्यांदेखत, कधीच पार पडलेला आहे. त्या मुखवट्यांच्या बिल्ल्यात स्टोनहेंजच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन शिलावर्तुळाच्या, दगडाची कपची बसवलेली चिप आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री ९ वाजता देशभरातली मुलं मुखवटा घालून एक कार्यक्रम पाहणार आणि त्या क्षणी चिप जागी होऊन त्यांचा जीव घेणार.

हे ध्यानात आलं की नेहमीच्या तक्रारी एकेक करून गळून पडतात. ‘मारेकऱ्यांमध्ये दम नाही, साधे कोटवाले लोक आहेत’ ही त्यातली सर्वांत लाडकी. दोन्ही सिनेमांत हॉस्पिटल आहे आणि दोन्हींत मारेकरी जळतो, तेव्हा तुलना सोपी आहे. दुसऱ्यात मायकेलचं जळणं हा कळस: आगीतून चालत येणारी ती आकृती पाहण्यासाठीच आपण थांबलेलो असतो. तिसऱ्यात कोट घातलेला एक माणूस हॉस्पिटलमध्ये शिरतो, हॅरी ग्रिमब्रिज नावाच्या दुकानदाराची कवटी नुसत्या बोटांनी मोडतो, शांतपणे पार्किंगमधल्या गाडीत जाऊन बसतो, अंगावर पेट्रोल ओततो आणि पेटवून घेतो. हे सिनेमा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही, काहीच नाही. मायकेल जळला तर सिनेमा संपतो. हा जळला तर काही बिघडत नाही, कारण तो यंत्रमानव आहे आणि मुखवट्यांच्या कारखान्यात असे आणखी आहेत. मारेकरी हा सुटा भाग आहे, ही कल्पना मला मायकेलच्या सुरीपेक्षा जास्त हादरवते. दुसऱ्या भागात मायकेल झालेला डिक वॉरलॉक तिसऱ्यात या कोटवाल्यांपैकी एक आहे, ही निवडही किती बोलकी आहे.

दुसरी तक्रार: ‘संथ आहे, मारामारी कमी’. माणसं कमी मरतात हे खरं, पण कोण मरतं तेही बघा. स्लॅशरमध्ये, म्हणजे एकामागून एक खून करत सुटलेल्या मारेकऱ्याच्या भयपटात, एक अलिखित हमी असते की किशोरवयीन मरतील, लहान मुलं वाचतील. पहिल्या भागात लॉरी ज्यांना सांभाळत असते ते टॉमी आणि लिंडसी सुखरूप राहतात. तिसरा भाग ही हमीच मोडतो, आणि एकाच प्रसंगात मोडतो. सर्वाधिक मुखवटे विकणारा बडी कुपफर बायको-मुलाला घेऊन सँटा मिरा गावातला कंपनीचा कारखाना पाहायला आलेला आहे. त्याचा मान म्हणून कुटुंबाला एका खोलीत बसवतात. खोली कुठल्याही दिवाणखान्यासारखी सजवलेली, समोर टीव्ही. पोरगा भोपळ्याचा मुखवटा चढवून टीव्हीपुढे येतो. जाहिरात लागते, पडद्यावरचा भोपळा लुकलुकतो, पोरगा डोकं धरतो आणि कोसळतो. मुखवटा वितळल्यासारखा होतो आणि त्यातून किडे बाहेर पडतात, मग साप. आईबापांना दार उघडता येत नाही. कॉक्रन, म्हणजे कंपनीचा मालक, हे सगळं चॅलिसला मुद्दाम पाहायला लावतो. डॅन ओ’हर्लिहीने हा कॉक्रन इतक्या प्रेमळ आजोबाच्या थाटात केला आहे की त्याच्या हसण्याने अंगावर काटा येतो. दुसऱ्या भागातले सगळे खून एकत्र केले तरी या एका खोलीची बरोबरी होत नाही.

सिनेमाची रचनाही जाहिरातीच्याच चालीने जाते. ‘लंडन ब्रिज’ या बालगीताच्या चालीवर सण किती दिवसांवर आला ते मोजणारी ती जिंगल पुन्हा पुन्हा वाजते: बारमध्ये, घरात, मोटेलमध्ये. लोकांना ती डोक्यात जाते आणि ते हा दोष म्हणून सांगतात. अहो, ती डोक्यात जावी म्हणूनच आहे! कथा सुरू होते २३ ऑक्टोबरच्या शनिवारी, आणि सिनेमा अमेरिकेत लागला २२ ऑक्टोबर १९८२ ला. म्हणजे पहिल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्यांचं कॅलेंडर आणि पडद्यावरचं कॅलेंडर जवळजवळ जोडीने चालत होतं. त्याच्या काही आठवडे आधीच शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या गोळ्यांत कोणीतरी सायनाइड मिसळल्याने ७ जण दगावले होते आणि मुलांना अनोळखी घरातला खाऊ देऊ नका म्हणून गावोगावी इशारे दिले जात होते. सिनेमाचं चित्रीकरण तेव्हा पूर्ण झालेलं होतं, त्यामुळे त्याने ही भीती उचलली असं म्हणता येत नाही. पण दुकानातून विश्वासाने आणलेली वस्तू जीव घेते, ही भीती त्या वर्षी किती खरी होती ते यातून कळतं.

ही वाट मुळात आली नायजेल नील या ब्रिटिश लेखकाकडून. १९५३ मध्ये बीबीसीवर ‘क्वाटरमास’ ही विज्ञानकथा-मालिका आणणारा हा माणूस. अतिप्राचीन दुष्ट शक्ती आणि आधुनिक यंत्रं यांची सांगड घालणं ही त्याची खासियत. तिसऱ्या भागाची पहिली पटकथा त्याची. पुढे त्यात रक्तपात वाढवला गेला तेव्हा त्याने स्वतःचं नाव काढायला लावलं आणि श्रेय एकट्या वॉलेसच्या नावावर राहिलं. नीलची नाराजी समजण्यासारखी आहे, पण स्टोनहेंज आणि टीव्ही एकाच गोष्टीत कसे आले या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशीच मिळतं. हा सिनेमा त्या घराण्यातला आहे, तेव्हा त्याची तुलनाही तिथेच करायला हवी.

शेवटांतला फरक तर कळीचा. दुसऱ्या भागात सकाळ होते, लॉरीला रुग्णवाहिकेत बसवतात, धोका टळलेला असतो. तिसऱ्यात चॅलिस पेट्रोल पंपावरून टीव्हीवाल्यांना फोन करून जाहिरात बंद करायला सांगतो. पंपावरच मुखवटे घातलेली मुलं आलेली असतात. एक वाहिनी बंद होते, दुसरी बंद होते, तिसरीवर मात्र जाहिरात चालूच. तो ओरडत राहतो आणि सिनेमा तिथेच कापला जातो. सुरीवाल्या माणसाला गोळी घालता येते. प्रत्येक घरात पोचलेल्या प्रक्षेपणाला थांबवायचं तर हातात फक्त फोन आहे, आणि पलीकडचा माणूस ऐकेल याची खात्री नाही. या कथेला दुसरा कुठलाही शेवट शोभला नसता.

आता एक लाडका युक्तिवाद, जो मला मुळीच पटत नाही: ‘सिनेमा बरा आहे हो, पण नाव दुसरं द्यायला हवं होतं.’ हे बोलणारे बहुधा सिनेमाचे चाहतेच असतात, म्हणून जास्त खटकतं. पहिल्या दोन भागांत हॅलोवीन ही पार्श्वभूमी आहे. मायकेलने आपल्या बहिणीला नाताळात मारलं असतं तरी गोष्टीचा सांगाडा टिकला असता. तिसऱ्या भागातून सण काढून टाका, काहीच उरत नाही: मुखवटे, मुलं, रात्रीची वेळ, कॉक्रनला पुन्हा घडवायचा असलेला जुना बळी, सगळं त्या सणाचं आहे. त्या नावावर मालिकेत सर्वाधिक हक्क याच सिनेमाचा.

दोष आहेत. रात्रीचे ९ अमेरिकेत सगळीकडे एकदम वाजत नाहीत, हे पटकथेने सरळ दुर्लक्षिलं आहे. स्टोनहेंजचा अख्खा दगड कॅलिफोर्नियात कसा आणला याचं उत्तर कॉक्रन हसून टाळतो. चॅलिस आणि ग्रिमब्रिजची मुलगी एली यांचं प्रेमप्रकरण घाईचं आणि अनावश्यक आहे, तिथे मी बचाव करणार नाही. पण ‘आपटला’ हा शिक्का नीट बघून मारावा: सुमारे २५ लाख डॉलरच्या खर्चावर अमेरिकेत जवळपास १ कोटी ४४ लाखांची तिकीटविक्री झाली. दुसऱ्यापेक्षा बरीच कमी, म्हणून निर्माते घाबरले, दरवर्षी नवी गोष्ट ही कल्पना बासनात गेली आणि १९८८ मध्ये चौथ्या भागात मायकेलला परत आणलं. त्या परतण्यापायी किती वेगळ्या गोष्टी कधी घडल्याच नाहीत, याची हळहळ मला आजही वाटते.

हल्ली पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांतही ३१ ऑक्टोबरला मुलं विकतचे मुखवटे लावून दारोदार फिरतात, तेव्हा गोष्टीतला सण अगदीच परका राहिलेला नाही. बघायचा क्रम विचाराल तर माझं मत ठाम आहे: पहिला बघा, दुसरा सोडला तरी चालेल, मग थेट तिसरा लावा. मायकेलची वाट बघायची नाही हे आधीच ठरवा, आणि मुलांच्या मुखवट्यांचा तो सुरुवातीचा प्रसंग चालू असताना फोन बाजूला ठेवा.