मोझॅकच्या जमिनीतलं भोक व्हाइट सिमेंटने का बुजत नाही?

दादर-गिरगावच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडली की मोझॅकच्या, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे (चिप्स) बसवलेल्या, लाद्यांमध्ये भिंतीच्या जाडीएवढा उघडा पट्टा राहतो. नळाची लाइन हलवली की गोल भोक राहतं, आणि दाराची खालची कडी काढली की बोटभर खड्डा. यावर घरोघर एकच इलाज होतो. व्हाइट सिमेंट पाण्यात कालवायचं आणि पात्याने थापायचं. काही दिवस बरं दिसतं. मग कडेने केसाएवढी भेग पडते, भेगेत पोछ्याचं काळं पाणी मुरतं आणि कधीतरी तो तुकडा पायाखाली खडखडायला लागतो. दोष गवंड्याच्या हाताला दिला जातो. खरं तर बराचसा दोष मिश्रणाचा असतो.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं. या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी लागतं. हाताने थापता यावं म्हणून आपण त्याच्या दुप्पट तरी घालतो. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि लगदा आकसतो. चारही बाजूंनी जुनी, कधीच आकसून स्थिर झालेली जमीन असते. ती काही हलत नाही, त्यामुळे नवा तुकडाच कडेपासून सुटतो.

मूळ जमीन अशी फाटली नाही, कारण तिच्यात दगड भरपूर होता. दगड आकसत नाही, शिवाय भोवतीच्या सिमेंटलाही आकसू देत नाही. बारीक चिप्सच्या जमिनीसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं रूढ प्रमाण असं आहे : आधी सिमेंट आणि संगमरवराची पूड वजनाने ३ : १, मग या मिश्रणाचे ४ भाग आणि चिप्सचे ७ भाग, हे मापाने. म्हणजे सिमेंटपेक्षा दगडच जास्त. भोक बुजवतानाही हेच प्रमाण धरायला हवं. खड्डा भरून झाल्यावर वरून आणखी चिप्स पेरायच्या आणि लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवायच्या. पृष्ठभागावर सिमेंट जितकं कमी दिसेल तितकं काम चांगलं.

दुसरी गोष्ट कुणालाच आवडत नाही : बुजवण्याआधी भोक मोठं करावं लागतं. झिजलेल्या खड्ड्याची कड निमुळती असते. तिच्यावर नवा माल पापुद्र्यासारखा पातळ बसतो. त्यात चिप्स मावत नाहीत, पाणी लगेच उडतं आणि ती कड सगळ्यात आधी उखडते. म्हणून कड उभी कापायची, जमल्यास तळाशी किंचित रुंद ठेवायची. धूळ आणि मेणाचा थर काढायचा, जुना भाग ओला करून वरचं पाणी टिपून घ्यायचं. कोरडा ठेवला तर तो नव्या सिमेंटचं पाणी शोषून घेतो, आणि नेमकी सांध्याची जागा कच्ची राहते. मग सिमेंटच्या रबडीचा हात फिरवून लगेच माल भरायचा.

भरल्यावर ओलं गोणपाट टाकायचं किंवा आळं करून पाणी ठेवायचं. मशीनने घासायचं असेल तर साधारण आठवडाभर थांबावं. सिमेंट कच्चं असताना दगड फिरवला तर चिप्स कापल्या न जाता जागेवरून उपटल्या जातात. घासणीचे दगड कार्बोरंडमचे असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर संगमरवर ३ वर, कार्बोरंडम ९ च्या वर. चपलेखालची वाळू ७ वर आहे, म्हणून दारातली मोझॅक आधी निस्तेज होते. याच कारणाने संगमरवरी चिप्सच्या जमिनीत ग्रॅनाइटची कच भरू नये. भोवतालची जमीन झिजते आणि ठिगळ उंच राहतं.

पहिल्या घासणीनंतर टाचणीएवढी छिद्रं उघडी पडतात. ती त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, सुकू न देता, पुन्हा बारीक दगडाने घासतात. शेवटी पॉलिशसाठी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड. ती संगमरवरातल्या कॅल्शियमशी संयोग पावते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचा पातळ, पाण्यात न विरघळणारा थर बनतो. अळूने घसा खवखवतो तो याच पदार्थाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पूड विषारी आहे, हातमोजे हवेतच. रंगकामानंतर फरशी धुवायला वापरतात ते ॲसिड मात्र वेगळं. ते हायड्रोक्लोरिक. त्याचं कॅल्शियमशी बनणारं क्षार पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे संगमरवर फसफसून खड्डे पडतात. मोझॅकचं इतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नसावं.

इपॉक्सीचं काय? छोट्या भोकाला चालते. ती फार कमी आकसते आणि कोरड्या जागी घट्ट धरते. पण उन्हाने पिवळी पडते, शिवाय तापल्यावर सिमेंटपेक्षा कितीतरी जास्त फुगते. खिडकीखालच्या मोठ्या पट्ट्याला मी तरी ती लावणार नाही. लादी ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर वरून काहीही भरणं व्यर्थ आहे, ती काढूनच बसवावी. नवी जुळणारी लादी मिळत नसेल तर कपाटाखालची अखंड लादी दर्शनी भागात आणावी आणि ठिगळ कपाटाखाली न्यावं.

उरतो रंग. साध्या सिमेंटचा करडेपणा मुख्यतः लोहामुळे असतो, व्हाइट सिमेंटमध्ये ते अगदी कमी ठेवतात. पण जुनी जमीन पांढरी उरलेली नसते. वर्षानुवर्षांचं तेल, मेण आणि धूळ तिच्यात मुरलेलं असतं. रंग मिसळायचा तर लोह ऑक्साइडसारखा खनिज रंगच घ्यावा, बरेचसे इतर रंग सिमेंटच्या तीव्र अल्कलीत टिकत नाहीत. ओला माल गडद दिसतो, वाळल्यावर फिकटतो आणि पॉलिशनंतर पुन्हा गडद होतो. म्हणून मिस्त्रीकडून दोन-तीन मिश्रणांचे तळहाताएवढे नमुने करून घ्यावेत, ते घासून पॉलिश केल्यावरच जमिनीशेजारी ठेवून पाहावेत, आणि तेही दिवसाच्या उजेडात.