स्त्रीबीजदान, संशोधनासाठी

स्त्रीने, बहुतेकदा वंध्यत्वावर उपचार घेत असताना, आपली काही बीजे प्रयोगशाळेला देणे. तिचे आरोग्य, मूल होण्याची आशा आणि नकाराचा हक्क शाबूत राहावा म्हणून अनेक देशांनी या दानावर निर्बंध घातले आहेत.

याची रक्तदानाशी केली जाणारी तुलना फसवी आहे. बीजे वाढवण्यासाठी साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. मग भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढतात. अंडाशये अतिउद्दीपित होऊन पोटात पाणी साठू शकते, क्वचित जिवावरही बेतते. त्यातून कोणत्या बीजापासून मूल होईल हे आधी कळत नाही, त्यामुळे आयव्हीएफ (शरीराबाहेर बीजाचे फलन करण्याचा उपचार) करणाऱ्या स्त्रीकडे ‘जादा’ बीज असते असे म्हणणेच धाडसाचे. अपक्व किंवा फलन न झालेली बीजे एरवी टाकूनच दिली जातात. ती मागण्यात फारसे वावगे नाही. खरा वाद ताज्या, पक्व बीजांचा.

दक्षिण कोरियातील संशोधक ह्वांग वू-सुक यांच्या प्रकरणाने तो चव्हाट्यावर आला. मूलपेशींच्या (ज्यांपासून शरीरातील वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा पेशींच्या) प्रयोगांसाठी दोन हजारांहून अधिक बीजे वापरली गेली. काही स्त्रियांना पैसे मिळाले होते आणि ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिकांनीही बीजे दिली होती. वरिष्ठाला त्या नाही कशा म्हणणार? निष्कर्ष बनावट ठरून या प्रयोगांवरचे ह्वांग यांचे दोन्ही शोधनिबंध जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले.

त्याच वर्षी ब्रिटनच्या नियामक संस्थेने न्यूकॅसलमधील एका योजनेला परवानगी दिली: संशोधनाला बीजे द्या, उपचाराचा खर्च कमी करून घ्या. रोख पैसे नाहीत, तरी ज्या जोडप्याला पूर्ण खर्च झेपत नाही त्याच्यासाठी ही सवलत आमिषच होती. मात्र बीज प्रयोगात वापरले जाईपर्यंत संमती मागे घेण्याची मुभा ब्रिटिश कायदा देतो. कॅलिफोर्नियात सरकारी निधीतील मूलपेशी संशोधनासाठी प्रत्यक्ष खर्चापलीकडे मोबदला देता येत नाही, आणि संशोधनापायी स्त्रीचा उपचार जाणूनबुजून दुबळा करता येत नाही.

भारतातील २०२१ चा साहाय्यित पुनरुत्पादन कायदा मुख्यतः दुसऱ्या जोडप्यासाठीचे दान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे: दात्रीचे वय २३ ते ३५, दान आयुष्यात एकदाच, बीजे जास्तीत जास्त सात. संशोधनासाठी बीजे वा भ्रूण परदेशी पाठवण्यास त्यात पूर्ण बंदी आहे.