‘लॉकर’ म्हणजे नेमके काय? शोधयंत्र कंपनीच्या संगीतसेवेच्या चर्चेमागचा इतिहास

शोधयंत्र चालवणारी बडी कंपनी ऑनलाइन संगीताच्या बाजारात उतरणार, ही चर्चा २०१० मध्ये सुरू झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने आपल्या डेव्हलपर परिषदेत एक प्रात्यक्षिक दाखवले होते. घरच्या संगणकावरची गाणी इंटरनेटवरून थेट फोनवर वाजत होती. तेवढ्यावरून बातम्यांना पाय फुटले. सप्टेंबरपर्यंत चार मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी बोलणी चालू असल्याचे आणि नाताळापूर्वी दुकान उघडणार असल्याचे छापून आले. नाताळ उलटला, दुकान उघडले नाही. बातम्यांमध्ये तारीख आणि किंमत यांचाच खल चालला होता. बोलणी अडली होती ती एका शब्दापाशी, आणि तो शब्द म्हणजे ‘लॉकर’: ग्राहकाने आपली गाणी इंटरनेटवर ठेवायची आणि तिथूनच कुठेही वाजवायची जागा.

फुकट फायलींची देवाणघेवाण, तिच्यावरचे खटले आणि ९९ सेंटला एक गाणे विकणारे २००३ चे दुकान हा सगळा भाग वाचकांना ठाऊक आहे. त्यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची. जानेवारी २००९ मध्ये त्या सर्वांत मोठ्या दुकानाने गाण्यांवरची डिजिटल कुलपे काढण्याचे जाहीर केले. कुलूपबंद फाइल ठरावीक संगणकांवरच उघडते, त्यामुळे ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेऊन ठेवली तरी तिथून वाजत नाही. कुलूप गेल्यावर विकत घेतलेले गाणे कुठेही ठेवता येऊ लागले आणि लॉकर ही व्यवहारात येण्याजोगी कल्पना झाली. आपली प्रत आपल्या हाती असावी, ही निकड ग्राहकांना त्याआधीच कळली होती. २००८ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीने बंद पडलेल्या संगीत दुकानाचे परवाना-सर्व्हर थांबवण्याची तारीख जाहीर केली. सर्व्हर गेला की नव्या संगणकावर गाणे उघडणार नाही, मग त्याचे पैसे मोजलेले असोत वा नसोत. ओरड झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवावी लागली.

आता शब्दाकडे. बातम्यांत ‘लॉकर’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या प्रत्यक्षात तीन वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिलीत ग्राहक आपली फाइल चढवतो, सर्व्हर ती जशीच्या तशी त्याच्या नावाने ठेवतो आणि वाजवताना तीच प्रत वाजते. दुसरीत ग्राहकाची फाइल चढतच नाही. संगणकावरचा प्रोग्राम गाणे ओळखतो, सर्व्हर ‘हे आमच्याकडे आहे’ असे म्हणतो आणि कंपनीची स्वतःची एकच मूळ प्रत सगळ्यांना ऐकवतो. तिसरीत फाइल चढते, पण बिट न् बिट तीच फाइल आधीच कुणीतरी चढवलेली असेल तर सर्व्हर ती दुसऱ्यांदा साठवत नाही, फक्त नोंद करतो. ऐकणाऱ्याला तिन्हींत फरक सहसा जाणवत नाही. अमेरिकी कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण तिथे प्रश्न असा असतो की वाजते ती प्रत कुणाची आणि ती केली कुणी.

पैशाचे गणितही याच फरकावर उभे आहे. २५६ केबीपीएसचे (सेकंदाला २५६ किलोबिट) चार मिनिटांचे गाणे साधारण ७.७ एमबी होते. दहा लाख ग्राहकांनी तेच गाणे स्वतंत्रपणे ठेवले तर एका गाण्यासाठी साडेसात टेराबाइटहून अधिक जागा लागते. मूळ प्रत एकच ठेवली तर ७.७ एमबीत काम भागते.

दुसऱ्या प्रकारची यंत्रणा जानेवारी २००० मध्येच येऊन गेली होती. एका एमपी३ संकेतस्थळाने हजारो सीडी विकत घेऊन सर्व्हरवर उतरवल्या. ग्राहकाने आपली सीडी काही क्षण संगणकात घालायची, प्रोग्राम ती ओळखायचा आणि पुढे ते गाणे कुठूनही ऐकता यायचे. डायल-अपच्या काळात संपूर्ण सीडी चढवणे अशक्यप्राय होते, म्हणून ही युक्ती. तिच्यात एक उघड भोकही होते: मित्राकडून तासाभरासाठी आणलेली सीडीसुद्धा चालायची. काही दिवसांतच रेकॉर्ड कंपन्या न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात गेल्या. ग्राहकाकडे सीडी आहे की नाही, याला न्यायालयाने महत्त्व दिले नाही. सर्व्हरवरची प्रत कंपनीने परवान्याविना केली, एवढे त्याला पुरेसे वाटले. सप्टेंबरमध्ये भरपाई ठरली प्रत्येक सीडीमागे २५,००० डॉलर. संकेतस्थळाच्या स्वतःच्या हिशेबाने सीडी ४,७०० धरल्या, तरी रक्कम पावणेबारा कोटींच्या घरात जात होती. दावा शेवटपर्यंत लढवणाऱ्या रेकॉर्ड कंपनीशी नोव्हेंबरात ५ कोटी ३४ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या मालकांनी संकेतस्थळच विकत घेतले. तिथून पुढे दशकभर कुठल्याही मोठ्या कंपनीचा वकील ‘मूळ प्रत’ हे शब्द ऐकले की सावध होई.

दार पुन्हा किलकिले केले ते संगीताशी काहीही संबंध नसलेल्या एका खटल्याने. न्यूयॉर्क परिसरातल्या एका केबल कंपनीला ग्राहकांच्या घरी रेकॉर्डर न देता कार्यक्रम आपल्या केंद्रात साठवायचे होते. रिमोटचे बटण ग्राहक दाबणार, हार्ड डिस्क कंपनीच्या इमारतीत फिरणार. वाहिन्या आणि चित्रपट कंपन्यांनी दावा लावला. ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने केबल कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि जून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

या निकालाचे तीन पदर नीट उलगडून पाहावे लागतात, कारण २०११ मध्ये परवान्याविना उघडलेल्या संगीत-लॉकरांची रचना त्यावरून बेतलेली आहे. पहिला पदर बफरचा, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचा. प्रक्षेपण साठवण्याआधी सर्व्हरमधून जाताना त्याचा तुकडा जास्तीत जास्त १.२ सेकंद टिकत होता. इतकी क्षणिक गोष्ट कायद्याच्या अर्थाने ‘प्रत’ होत नाही, असे न्यायालय म्हणाले. दुसरा पदर कर्त्याचा. यंत्र कंपनीचे असले तरी बटण दाबणारा ग्राहक आहे, म्हणून प्रत करणारा तोच. तिसरा पदर सर्वांत वादग्रस्त. प्रत्येक ग्राहकाच्या नावाने स्वतंत्र प्रत आहे आणि ती फक्त त्यालाच दाखवली जाते, म्हणून ते ‘जाहीर सादरीकरण’ ठरत नाही. जाहीर सादरीकरण नाही, तर त्याचा परवानाही नको.

इथे निकालाची एक बोच आहे आणि ती दडवू नये. ग्राहकाचा हक्क त्याने मान्य केला, हे योग्यच झाले. ज्याने पैसे मोजून गाणे घेतले, त्याने ते आपल्या कपाटात ठेवायचे की भाड्याच्या डिस्कवर, हा त्याचा प्रश्न आहे. पण हा हक्क टिकवायची अट म्हणून तंत्रदृष्ट्या सर्वांत उधळी रचना माथी मारली गेली. एकाच फाइलच्या लाखो प्रती जपल्या तर कायदेशीर, शहाणपणाने एक जपली तर जोखीम. अभियंत्यांना नकोशी वाटणारी रचना वकिलांना हवी होती, आणि शेवटी वकिलांचे ऐकले गेले.

मार्च २०११ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या एका महाकाय कंपनीने परवाना न घेताच लॉकर उघडला. साठवण म्हणजे साठवण, हार्ड डिस्कसाठी परवाना लागत नाही, अशी तिची भूमिका होती. १० मे २०११ रोजी शोधयंत्र कंपनीने तोच मार्ग धरला. बीटा म्हणजे चाचणी आवृत्ती, फक्त अमेरिकेत, निमंत्रणावर, २०,००० गाण्यांपर्यंत मोफत. दुकान नव्हते, कारण विक्रीला परवाना लागतोच आणि बोलणी फिसकटली होती. जुळणीही, म्हणजे गाणे ओळखून कंपनीची प्रत ऐकवणारी दुसरी यंत्रणाही, नव्हती; प्रत्येक फाइल खरोखर चढवावी लागे. १ एमबीपीएस अपलोडच्या घरगुती जोडणीवर वर सांगितलेल्या आकाराची २०,००० गाणी, म्हणजे सुमारे १५४ जीबी, चढवायला अखंड चौदा दिवस लागतात. त्या काळात घरातल्यांचे इतर इंटरनेटही रखडे, कारण अपलोड तुडुंब भरले की डाउनलोडच्या पोचपावत्यासुद्धा अडकतात. एफएलएसी (दर्जा न घटवता साठवलेल्या) फायली चढताना ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये बदलल्या जात. त्यामुळे लॉकर हा मूळ दर्जाचा बॅकअप नव्हता, आणि ज्यांनी तसे समजून घरची प्रत पुसली त्यांचे नुकसान झाले.

६ जून २०११ रोजी फोन आणि संगणक बनवणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपनीने उलट टोकाचे जाहीर केले: परवाना घेऊन जुळणी, वर्षाला २४.९९ डॉलर, २५,००० गाण्यांपर्यंत, आणि तिच्याच ऑनलाइन दुकानातून घेतलेली गाणी या मर्यादेबाहेर. २००० मध्ये खटल्याला कारण झालेली यंत्रणा आता पैसे मोजून कायदेशीर झाली होती. ग्राहकाची फाइल १२८ केबीपीएसची असली तरी परत येताना २५६ केबीपीएसची एएसी प्रकारची फाइल मिळे. चौदा दिवसांचे काम काही तासांवर आले.

पण जुळणीच्या स्वतःच्या खोडी होत्या. ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखले जाते, आणि एकाच ध्वनिमुद्रणाच्या आवृत्त्यांचे ठसे फार जवळचे असतात. शिव्या वगळलेली आवृत्ती मूळ आवृत्तीच्या जागी येऊन बसे. जुन्या मास्टरऐवजी नवा रीमास्टर, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणावर नव्याने संस्कार केलेली आवृत्ती, येई. बारा गाण्यांच्या अल्बममधली दहा जुळत आणि दोन चढवावी लागत, मग आवाजाची पातळी मध्येच बदले. ९६ केबीपीएसहून कमी दर्जाच्या फायली सेवा घेतच नसे. यावर उपाय एकच होता: जुळणी चालवण्याआधी मूळ संग्रह वेगळ्या डिस्कवर जपणे आणि बदललेली फाइल ऐकून पाहिल्याशिवाय जुनी न पुसणे.

ऑगस्ट २०११ मध्ये तिसऱ्या यंत्रणेवर निकाल आला. २००० च्या त्या संकेतस्थळाच्याच संस्थापकाने काढलेल्या दुसऱ्या लॉकरवर हा दावा होता. हॅश (फाइलच्या बिटांवरून काढलेला ठसा) जुळणाऱ्या फायली एकदाच साठवणे ही साधी माहिती-आवळणी आहे, ती ‘मूळ प्रत’ होत नाही, असे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने म्हटले. बेकायदा स्रोतांबद्दल सूचना मिळूनही तिथून आलेली गाणी ग्राहकांच्या लॉकरमधून न काढल्याबद्दल मात्र कंपनीला दोषी धरले. हॅशचा अर्थ इथे काटेकोर घ्यायला हवा. त्याच सीडीवरून दोघांनी वेगवेगळ्या एन्कोडरने (गाण्याची फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने) केलेल्या फायली, किंवा टॅगमध्ये (फाइलमधल्या नाव-गावाच्या नोंदीत) एका अक्षराचा फरक असलेल्या फायली, संपूर्ण फाइलच्या हॅशने जुळत नाहीत. म्हणून या मुभेने जागा वाचते, पण कागदावर दिसते त्याहून कमी.

नोव्हेंबर २०११ मध्ये शोधयंत्र कंपनीचे दुकान अखेर उघडले, चारपैकी तीन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांसह. परवान्याची जुळणी अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये आली. मे २०१३ मध्ये त्याच कंपनीची महिन्याच्या वर्गणीवर सगळा संग्रह ऐकण्याची सोय आल्यावर लॉकरभोवतीचा वादच मागे पडला, कारण वर्गणीदार स्वतःची प्रत ठेवतच नाही. जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकागणिक वेगळा अँटेना आणि वेगळी प्रत ठेवून टीव्ही दाखवणाऱ्या एका सेवेविरुद्ध ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. २००८ च्या तिसऱ्या पदराला त्याने धक्का लागला, पण स्वतःच्या मालकीच्या गोष्टी साठवणाऱ्या सेवांबद्दल आपण काही ठरवत नाही, असे बहुमताने स्पष्ट लिहिले.

शोधयंत्र कंपनीची ती संगीतसेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. चढवलेली गाणी तिच्याच व्हिडिओ-सेवेशी जोडलेल्या नव्या संगीत ॲपमध्ये हलवता येत होती. मर्यादा वाढून एक लाख झाली, पण ती गाणी वर्गणीच्या संग्रहात मिसळली नाहीत, ‘अपलोड’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात गेली. हलवण्याची मुदत २४ फेब्रुवारी २०२१ पर्यंत होती. त्यानंतर उरलेले लॉकर पुसण्यात आले.