मुद्दाम वाकडी केलेली गाडी

एक माणूस गुडघ्यावर बसून टेपने टायरचा घेर मोजतोय. मागचा डावा २०७ सेंटिमीटर, मागचा उजवा २१३, आणि खडूने टायरवरच आकडा लिहून मोकळा. अमेरिकेत जुन्या स्टॉक कारची, म्हणजे साध्या रस्त्यावरच्या गाड्यांपासून बनवलेल्या रेस गाड्यांची रेस असली की सुरू व्हायच्या आधी असं काहीतरी हमखास दिसतं. आपल्याकडे कुठल्या गॅरेजवाल्याने एका गाडीला दोन मापांची चाकं बसवली तर आपण त्याचा उद्धार करू, इथे मात्र ती सहा सेंटिमीटर मिळावीत म्हणून हा पठ्ठ्या टायरचा ढीग उपसत बसलेला असतो.

कारण या गाडीला आयुष्यात फक्त डावीकडे वळायचंय.

नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलम नावाचं शहर आहे, तिथल्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक आहे आणि १९४९ पासून तिथे नासकारच्या, म्हणजे स्टॉक कारच्या रेस भरवणाऱ्या संस्थेच्या रेस होतायत. पाव मैल म्हणजे ४०० मीटर, शाळेच्या स्पोर्ट्सला धावायचा ट्रॅक असतो ना, जवळपास तेवढाच. त्यावर ताशी ७२ किलोमीटरची सरासरी ठेवली तरी राउंड २० सेकंदांत संपतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गाडी वळतच असते. अशा ट्रॅकवर १९३० च्या दशकातल्या फोर्ड कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्या पळवायच्या म्हणजे गंमतच, उंच, अरुंद, पुढे-मागे सरळसोट अ‍ॅक्सल आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवर एकच आडवी पाट्याची स्प्रिंग. इंजिन म्हणाल तर १९३२ मध्ये आलेलं फ्लॅटहेड व्ही-८, ३.६ लिटर, सुरुवातीला ६५ हॉर्सपॉवर. त्यात धूर बाहेर जायचा रस्ता इंजिनच्या ब्लॉकमधूनच काढलेला, त्यामुळे पाणी उकळायला निमित्तच लागायचं नाही.

आता वळण. गाडी वळताना आपण बाहेर फेकले जातोय असं वाटतं पण खरं म्हणजे गाडीला सरळच जायचं असतं, तिला आत खेचतात ते टायर, आणि टायरकडे त्यासाठी फक्त घर्षण असतं. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे आणि टायर स्वतःवरच्या वजनाच्या ९० टक्के एवढा आडवा जोर झेलतो. गणित केलं तर सपाट ट्रॅकवर जास्तीत जास्त वेग येतो सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी ७६ किलोमीटर, त्यापुढे गाडी भिंतीकडे निघाली. तोच ट्रॅक बाहेरच्या बाजूने १२ अंश उचलला, म्हणजे बँकिंग दिलं, तर हाच आकडा ९३ वर जातो, कारण आता रस्ताच गाडीला आत ढकलायला मदत करतो. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये हेच शेवटच्या टोकाला नेलेलं असतं, तिथे भिंतच रस्ता होते. व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलच्या साधारण अर्ध्या मैलाच्या ट्रॅकला वळणावर हे १२ अंशांचं बँकिंग आहे. बोमन ग्रे सपाट, तिथे जे काय करायचं ते गाडीतच करावं लागतं.

आणि गाडीत काय करायचं हा सगळा खेळ वजनाचा आहे. वळताना वजन बाहेरच्या चाकांवर जातं. धरा की गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत १.४५ मीटर अंतर आहे, तर वरच्या हिशोबाने एकूण वजनातला ३४ टक्के भाग डावीकडून उजवीकडे सरकतो. उभी असताना ५०-५० असलेली गाडी वळणात १६-८४ होते. मग काय बिघडलं, एका बाजूचं गेलं ते दुसऱ्या बाजूला मिळालं की, असं वाटेल. पण टायर असा हिशोब मानत नाही. वजन दुप्पट केलं की पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणजे ओझ्याखालचा टायर जेवढं कमावतो त्यापेक्षा मोकळा झालेला टायर जास्त गमावतो, आणि चारही टायरवर वजन जितकं सारखं तितकी एकूण पकड जास्त.

म्हणून मग गाडी मुळातच डावीकडे जड करायची. बॅटरी डावीकडे, शिशाचे ठोकळे डावीकडे, शक्य तेवढं सगळं खाली आणि डावीकडे. सुरुवातच ५८-४२ ने केली तर वळणात ती २४-७६ होते, १६-८४ पेक्षा कितीतरी बरी. आता बऱ्याच ट्रॅकवर नियमच असतो की डाव्या बाजूला अमुक टक्क्यांहून जास्त वजन चालणार नाही, नाहीतर लोकांनी इंजिनसुद्धा दारात नेऊन ठेवलं असतं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडेच बसतो, म्हणजे त्याचं पोटसुद्धा योग्य बाजूला :) आपल्याकडे राइट हँड ड्राइव्ह, तेव्हा आपल्याला उजवीकडे वळणारा ट्रॅक बांधावा लागेल.

मग येतो वेज. हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल आठवा, एका पायाखाली कागदाची घडी सारली की तो पाय आणि त्याच्या समोरचा तिरका पाय मिळून भार घेतात. गाडीतही तसंच, डाव्या मागच्या चाकाकडचा स्प्रिंगवरचा स्क्रू थोडा पिळला की वजन त्या चाकावर आणि तिरक्या रेषेतल्या उजव्या पुढच्या चाकावर वाढतं, बाकीच्या दोघांवर कमी होतं, एकूण किलो तेवढेच. हे वाढवलं की गाडी ‘टाइट’ होते, म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी नाक बाहेरच जातं. कमी केलं की ‘लूज’, म्हणजे शेपूट बाहेर येतं. भिंत दिसत असताना धडकलात तर टाइट आणि आवाजच ऐकू आला तर लूज, असा तिथला जुना विनोद आहे.

आता परत त्या टेपवाल्याकडे. चहाचा कागदी कप आडवा करून टेबलावर ढकला, तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण एका टोकाचा घेर मोठा आणि दुसऱ्याचा लहान आणि दोन्ही टोकं एकत्रच फिरतात. गाडीचा मागचा अ‍ॅक्सल असाच कप करून टाकायचा, याला स्टॅगर म्हणतात. साध्या गाडीला याची गरज नसते, कारण तिच्यात डिफरन्शियल असतं, आपल्या रिक्षातसुद्धा असतं, त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं. पण चिखलात रुतलेला टेम्पो बघितलाय ना, एकच चाक गरगर फिरतंय आणि गाडी जागच्या जागी, वळणात हलक्या झालेल्या डाव्या चाकाचं तसंच होतं. म्हणून हे लोक डिफरन्शियलचे आतले गिअर सरळ वेल्डिंग करून जाम करायचे. मग दोन्ही चाकं सारखीच फिरणार आणि अंतराचा फरक भरून काढायला घेरच वेगळा हवा. ५० मीटरच्या वळणावर हा फरक साधारण ३ टक्के येतो, दोन मीटरच्या घेराला सहा सेंटिमीटर, खडूने लिहिलेले तेच. याची किंमत सरळ पट्ट्यात मोजावी लागते, गाडी सारखी डावीकडे ओढते आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरत सरळ जातो.

आणि एवढं मोजूनमापून केलेलं रेसमध्ये टिकत नाही, हा भाग मला सगळ्यात आवडतो. टायर २० अंशांवरून ८० अंशांवर तापला तर आतली हवा २० पीएसआयवरून जवळपास २७ वर जाते, आणि जुने बायस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरके असलेले टायर हवेने फुगतात, रेडियलसारखे घेर धरून बसत नाहीत. उजवे टायर जास्त राबतात म्हणून जास्त तापतात, जास्त फुगतात, स्टॅगर वाढतो आणि सुरुवातीला मस्त पळणारी गाडी हळूहळू लूज होत जाते. मुरलेला माणूस म्हणून सुरुवातीला गाडी किंचित टाइटच ठेवतो, पहिल्या काही राउंडांत मागे पडतो आणि लोक हुर्यो करतात ते ऐकून घेतो.

मजा म्हणजे नासकारची आज जी मुख्य सिरीज आहे तिची पहिलीच रेस असल्या करामतीवरून गाजली. १९ जून १९४९, नॉर्थ कॅरोलिनातल्याच शार्लटचा पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० राउंड, आणि नियम असा की गाडी शोरूममधून आणलेली जशीच्या तशी हवी. ग्लेन डनअवे नावाचा ड्रायव्हर १९४७ ची फोर्ड घेऊन तीन राउंडच्या फरकाने पहिला आला. तपासणीत मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहणाऱ्यांची ही जुनी युक्ती, मागे दारू भरली तरी गाडी बसू नये म्हणून स्प्रिंग कडक करायची, आणि रिकामी गाडी त्याच स्प्रिंगवर वळणात कमी झुकते. डनअवे बाद झाला आणि लिंकन कंपनीची गाडी घेऊन कॅन्ससहून आलेला जिम रोपर विजेता ठरला. फोर्डचा मालक कोर्टात गेला, जजने केस फेटाळली आणि बक्षिसाचे २००० डॉलर रोपरकडेच राहिले.