भारुडातील प्रतीक, उपरोध आणि आशयसूत्र

भारूड हा मराठी संतवाङ्मयातील रूपकात्मक गीतप्रकार आहे. वरवर एक अर्थ आणि आत दुसरा, अशी त्याची घडण असते. ‘भारूड’ हा शब्द काही अभ्यासक ‘बहुरूढ’वरून आला असे मानतात, तर काही तो दोन तोंडांच्या भारुंड पक्ष्याशी जोडतात. एकनाथांच्या आधीही भारुडे होती, पण लोकांच्या तोंडी बसली ती पैठणच्या एकनाथांचीच (सु. १५३३–१५९९). वासुदेव, जोशी, आंधळा, बहिरा अशी गावात रोज भेटणारी माणसे त्यांच्या भारुडांतून बोलतात.

प्रतीक कसे काम करते, हे ‘विंचू चावला’ या भारुडात फार जवळून पाहता येते. विंचू म्हणजे कामक्रोध, हे भारूड स्वतःच पहिल्या कडव्यात सांगून टाकते. मग राहते काय? राहतो तो दंश. अंगाला घाम फुटतो, सर्वांगी वेदना उठते; मग तमोगुण मागे सारण्याचा उतारा येतो, सत्त्वगुणाचा अंगारा लागतो आणि विष झरझर उतरते. तरीही शेवटी ‘किंचित राहिली फुणफुण’. ज्याला विंचू चावला आहे त्याला ही फुणफुण ठाऊक असते: कळ गेली तरी जागा ठणकत राहते. विकार आवरला तरी त्याचा अंश उरतो आणि तो गुरुकृपेनेच शमतो, हे आशयसूत्र त्या एका शब्दात आहे. बाहेरचे चित्र इतके नेमके नसते, तर आतला अर्थ नुसता उपदेश झाला असता.

उपरोधासाठी ‘रोडगा वाहीन तुला’ हे भारूड पाहावे. सुनेने भवानीआईला नवस बोलला आहे. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, शेवटी दादलासुद्धा, सगळ्यांचा निकाल लावून मागते आणि बदल्यात देऊ करते काय, तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला जाडाभरडा रोडगा. मागणे आणि नवस यांतली ही तफावत ऐकून बायका खदखदून हसतात. अखेरच्या ओळीत ‘एका जनार्दनी’ ही एकनाथांची, गुरू जनार्दनस्वामींच्या नावासह येणारी नाममुद्रा येते आणि ‘एकटीच राहू दे मला’ हे शब्द जीवाच्या तोंडचे होतात. संसाराच्या पाशांतून सुटू पाहणाऱ्या जीवाची ती हाक ठरते. पण म्हणून सासू म्हणजे अमुक विकार आणि नणंद म्हणजे तमुक, असा तक्ता मांडून मोकळे होऊ नये. त्यात सासुरवाशिणीचा खरा जाच पुसला जातो, आणि एकनाथांनी तो पुसलेला नाही.

सादरीकरणावरून भजनी, सोंगी आणि कूट (कोड्यासारखे) असे भारुडाचे प्रकार मानतात. सोंगी भारुडात सोंग घेतलेला कलाकार आधी विंचू चावल्यासारखा तळमळतो, लोक हसतात आणि त्यानंतरच निरूपण सुरू होते.